चरबीचं बोलणं स्वादुपिंडाला ऐकू जातं का?

सोनसळी

गेल्या आठवड्यात मधुमेहाच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "चरबी म्हणजे शरीराचं कोठार. भरलं की भरलं, रिकामं झालं की झालं. कोठाराला कुठे काही कळतं?" तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबतच गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

कोठाराला बरंच कळतं, आणि ते सांगतही असतं. मेदपेशी रक्तात संप्रेरकं सोडतात. त्यांतली काही थेट, तर काही आडवाटेनं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींपर्यंत पोचतात. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी त्या याच. किती इन्सुलिन सोडायचं हे बीटा पेशी नुसती रक्तातली साखर बघून ठरवत नाही, अंगातल्या चरबीचा निरोपही ती ऐकते. मला हा विषय फार जवळचा आहे, त्याचं कारण आधी सांगते.

दोन वर्षं मी एका प्रयोगशाळेत उंदरांच्या स्वादुपिंडातून लॅंगरहॅन्सची बेटं, म्हणजे बीटा पेशी ज्यांत असतात ते पेशीपुंज, वेगळी काढायचं काम केलं. पित्तनलिकेतून अगदी बारीक सुईनं कोलॅजेनेज नावाचं विकर आत सोडायचं. स्वादुपिंड फुगतं. मग ते ३७ अंशांच्या पाण्यात धरायचं. थोड्या वेळात ऊती विरघळून गढूळ लगदा होतो. तो काचेच्या बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की करड्या कचऱ्यात मध्येच फिकट, गोल, घट्ट दाणे दिसतात. सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. तीच बेटं. बारीक पिपेटनं एकेक उचलायचं, दुसऱ्या बशीत ठेवायचं. एका उंदरातून दोनशे मिळाली तर दिवस सार्थकी लागला असं वाटायचं. मान अवघडायची, पण डोळे काढवत नसत. १८६९ साली पाउल लॅंगरहॅन्स या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात या पेशीपुंजांचं पहिल्यांदा वर्णन केलं तेव्हा ते काय करतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. माणसाच्या स्वादुपिंडात अशी साधारण दहा लाख बेटं असतात, आणि वजनात ती सगळ्या ग्रंथीच्या शेकडा एक-दोन भागच भरतात.

ही बेटं आधी कमी साखरेच्या द्रावणात ठेवायची, मग जास्त साखरेच्या. दुसऱ्या वेळी इन्सुलिन कितीतरी पटींनी वाढतं. आता त्याच जास्त साखरेच्या द्रावणात लेप्टिन, म्हणजे मेदपेशींचंच एक संप्रेरक, घाला. साखर तेवढीच असूनही इन्सुलिन कमी मोजलं जातं. पहिल्यांदा तो आकडा पाहिला तेव्हा मी नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या तीनदा तपासल्या होत्या.

असं का होतं, ते समजायला बीटा पेशीच्या आत डोकवावं लागेल. या पेशीच्या आवरणात पोटॅशियमची दारं असतात. साखर कमी असते तेव्हा ती उघडी असतात, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं आणि पेशीच्या आतला विद्युतभार ऋण ७० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो. पेशी शांत. साखर आत आली की ती जाळून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं आणि ते एटीपी ही दारं लावून घेतं. पोटॅशियम आत अडकलं की भार चढतो, चढला की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिननं भरलेले कण आवरणाला चिकटून बाहेर रिकामे होतात. लेप्टिन यातली पोटॅशियमची दारं परत उघडतं. भार उतरतो, कॅल्शियम येणं थांबतं, इन्सुलिनही थांबतं. १९९७ साली हे बीटा पेशींवर विद्युतमापन करून दाखवलं गेलं. लेप्टिनचा दुसरा रस्ता पेशीतलं सीएएमपी कमी करण्याचा आहे. सीएएमपी हा स्रवणाला जोर देणारा रेणू. तो घटला की जोर ओसरतो.

ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या ज्यांच्या घरात कुणी घेतं त्यांनी इथे जरा थांबावं. त्या गोळ्या हीच दारं बंद करतात आणि म्हणून इन्सुलिन वाढतं. याच्या उलट डायझॉक्साइड नावाचं औषध ती उघडतं, आणि जन्मतःच फार इन्सुलिन स्रवणाऱ्या बाळांना ते देतात. म्हणजे ज्या दाराला गोळी कडी घालते, त्याच दाराची कडी लेप्टिन काढतं.

यातून एक वर्तुळ तयार होतं. इन्सुलिन मेदपेशीला सांगतं, साठव. मेदपेशी साठवते आणि काही तासांत लेप्टिन वाढवते. लेप्टिन स्वादुपिंडाला सांगतं, आता पुरे. हे वर्तुळ नीट चालतं तेव्हा साठाही बेतात राहतो आणि इन्सुलिनही.

लेप्टिन सापडलं कसं ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४९ साली अमेरिकेतल्या बार हार्बर गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक प्रचंड लठ्ठ उंदीर आढळला. जनुकातला दोष होता, त्या जनुकाला 'ओबी' म्हणायला लागले. काही वर्षांनी तसाच लठ्ठ, पण तीव्र मधुमेह असलेला दुसरा उंदीर मिळाला, तो 'डीबी'. डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांची कातडी एकमेकांना शिवून त्यांचं रक्त एकमेकांत फिरेल अशी जोडी केली. डीबीला साधा उंदीर जोडला, तर साध्यानं खाणं सोडलं आणि तो उपासमारीनं मेला. डीबी मात्र खातच राहिला. ओबीला डीबी जोडला तर ओबी उपाशी मेला. कोलमन यांनी निष्कर्ष काढला की रक्तात 'पुरे' सांगणारा काहीतरी घटक आहे, ओबीकडे तो तयारच होत नाही आणि डीबीकडे तो भरपूर आहे पण ऐकणारं यंत्र नाही. तो घटक हाती लागायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं जनुक शोधलं आणि त्याच्या प्रथिनाला 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. पुढच्याच वर्षी लेप्टिनचा रिसेप्टर, म्हणजे ते ऐकणारं यंत्र, सापडला, आणि डीबी उंदरात दोष नेमका त्यातच निघाला. प्रथिनाचं नाव माहीत नसताना, नुसत्या टाक्यांवरून कोलमन यांनी दोन्ही उत्तरं बरोबर दिली होती.

आमच्या विषयाच्या दृष्टीनं १९९५ सालची एक नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. ओबी उंदरांना लेप्टिन इतक्या कमी मात्रेत दिलं की वजन हललंच नाही, तरी रक्तातलं इन्सुलिन आणि साखर खाली आली. म्हणजे हा परिणाम बारीक झाल्यामुळे नव्हता.

लेप्टिनवरच खूप झालं. चरबीतूनच येणाऱ्या ॲडिपोनेक्टिन आणि ॲडिप्सिनबद्दल प्रतिसादांत लिहीन.

वाटसरू

वाचनखूण साठवली. टाक्यांचा प्रयोग वाचून अंगावर काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट दाणे म्हणता, पण करड्या कचऱ्यात फिकट दाणा ओळखायचा कसा? चुकत नाही का?

मुक्ता७

सोनसळी, छान लिहिलं आहेस. पण मला एक गोष्ट उलटी वाटते. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. लेप्टिन जास्त तर इन्सुलिन कमी व्हायला हवं. मग लठ्ठ माणसांच्या रक्तात इन्सुलिन जास्त का सापडतं? माझ्या आईचे सुरुवातीचे रिपोर्ट अजून आहेत माझ्याकडे, उपाशीपोटीचं इन्सुलिन चांगलं दुप्पट होतं तेव्हा.

सोनसळी

@मुक्ता७, अगदी मर्मावर बोट ठेवलंस.

दोन गोष्टी एकदम घडतात. एक म्हणजे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून तेवढंच काम करायला बीटा पेशीला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. दुसरी म्हणजे लेप्टिन सतत चढं राहिलं की ऐकणाऱ्या पेशींचे कान किटतात. लेप्टिनचा रिसेप्टर जागा झाला की पेशी स्वतःच एसओसीएस३ नावाचं प्रथिन बनवते, आणि ते त्या रिसेप्टरचा आवाज दाबतं. एरवी हे चांगलंच आहे, निरोप मिळाला की दार लोटून घ्यावं तसं. पण निरोप थांबतच नसेल तर दार कायमचं लोटलेलं राहतं. मग मेदपेशी 'पुरे' म्हणत राहतात, स्वादुपिंड इन्सुलिन सोडत राहतं, ते इन्सुलिन चरबी आणखी साठवायला लावतं आणि लेप्टिन आणखी चढतं. तेच वर्तुळ, फक्त आता त्याला लगाम नाही.

माणसात लेप्टिन मुळातच नसेल तर काय होतं, याचाही पुरावा आहे. १९९७ साली दोन चुलत भावंडांची नोंद झाली. मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा आणि २९ किलो. दोघांच्या लेप्टिनच्या जनुकात दोष होता. अशा मुलांच्या रक्तात इन्सुलिनही फार चढलेलं असतं, आणि लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली की भूक, वजन आणि इन्सुलिन तिन्ही उतरतात.

स्टेथो

उत्तम धागा. मी रोज मधुमेहाचे रुग्ण बघतो, म्हणून चित्राची दुसरी बाजू मांडतो. 'चरबी वाईट' असं समजून बसलेल्यांसाठी ती फार महत्त्वाची आहे.

लायपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आजार आहे. यात अंगावर चरबीच नसते, जन्मापासून किंवा पुढे नाहीशी होते. दंडाच्या शिरा दोरीसारख्या उठून दिसतात, स्नायू कोरल्यासारखे. बघणाऱ्याला वाटावं, काय तब्येत आहे! आणि त्याच माणसाला तीव्र मधुमेह, चरबीनं भरलेलं यकृत, रक्तात ट्रायग्लिसराइड इतकी की नळीतलं रक्त दुधाळ दिसतं. इन्सुलिन प्रचंड स्रवतं आणि तरी पुरत नाही. लेप्टिन जवळजवळ शून्य.

२००२ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अशा नऊ स्त्रियांना चार महिने लेप्टिन दिलं गेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी सरासरी १.९ टक्के-अंकांनी उतरलं. मधुमेहाच्या किती गोळ्या एवढं करतात? २०१४ साली तिथे हे औषध या आजारासाठी मंजूर झालं.

उंदरांवरचा एक प्रयोग त्याहून बोलका आहे. जनुकं बदलून जवळजवळ चरबीच नसलेले उंदीर तयार केले. त्यांना मधुमेह झाला. मग निरोगी उंदराची चरबी शस्त्रक्रियेनं त्यांच्या कातडीखाली लावली आणि मधुमेह मागे हटला. चरबी लावून मधुमेह बरा! नंतर तीच शस्त्रक्रिया ओबी उंदराची, म्हणजे लेप्टिन नसलेली चरबी लावून केली, तर मधुमेह हटला नाही. कोठाराची जागा मिळाली होती, निरोप मिळाला नव्हता.

विद्यार्थी_२

वाचतोय. एमएस्सीच्या परीक्षेसाठी खूप उपयोगी.

आमच्या क्लासच्या नोट्समध्ये व्हिस्फॅटिन म्हणून एक संप्रेरक आहे. पोटातल्या चरबीतून येतं आणि इन्सुलिनच्याच रिसेप्टरला चिकटून इन्सुलिनसारखं काम करतं असं लिहिलंय. त्याबद्दल कुणीच बोलत नाही?

सोनसळी

@विद्यार्थी_२, ती ओळ खोडून टाक. २००५ साली तसा शोधनिबंध आला होता आणि त्याचा खूप गाजावाजा झाला. पण इन्सुलिनच्या रिसेप्टरला चिकटण्याचा दावा टिकला नाही, आणि २००७ साली लेखकांनी तो निबंध मागे घेतला. त्या प्रथिनाचं खरं नाव एनएएमपीटी. पेशीत एनएडी हा ऊर्जेच्या कामाला लागणारा रेणू तयार करणारं ते विकर आहे, आणि एनएडी लागतं म्हणून बीटा पेशीच्या कामाशी त्याचा संबंध येतो. तो संबंध वेगळा आणि इन्सुलिनची नक्कल वेगळी. मागे घेतलेला निबंध इतकी वर्षं मुलांना पाठ करायला लावतात याचा मला मनापासून राग येतो.

रेझिस्टिनही असंच जपून वाच. २००१ साली उंदरांच्या मेदपेशीत सापडलं, पण माणसात ते मुख्यतः मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींतून येतं. उंदराचा आकडा उचलून माणसाला लावला की असे घोटाळे होतात.

शेवंती

ॲडिपोनेक्टिनबद्दल लिहाच. मला एका दुकानदारानं 'ॲडिपोनेक्टिन वाढवणाऱ्या' कॅप्सूल विकल्या होत्या. तीन महिने नेमानं घेतल्या, पैसे गेले, साखर आहे तिथेच.

सोनसळी

@शेवंतीताई, वाईट वाटलं वाचून. आता नीट लिहितेच.

ॲडिपोनेक्टिन हे १९९५-९६ मध्ये अमेरिका आणि जपान इथल्या चार गटांनी एकमेकांना न विचारता शोधलं, म्हणून सुरुवातीला त्याला चार वेगवेगळी नावं होती. रक्तात ते लेप्टिनच्या हजारपटीनं असतं. लेप्टिन नॅनोग्रॅममध्ये मोजतात, हे मायक्रोग्रॅममध्ये. आणि गंमत अशी की चरबी वाढली की हे घटतं. ते बनतं मेदपेशीतच, पण पेशी फुगून तट्ट झाली, तिच्या आसपास दाह सुरू झाला, टीएनएफ-अल्फासारखे दाहक रेणू आले की पेशी ते बनवणं कमी करते. म्हणजे लेप्टिन सांगतं कोठार किती भरलंय, आणि ॲडिपोनेक्टिन सांगतं कोठाराच्या भिंती धड आहेत की नाहीत.

बीटा पेशीसाठी त्याचं काम लेप्टिनपेक्षा निराळं आहे. दारं उघडण्या-लावण्यापेक्षा पेशीला जगवणं हे त्याचं मोठं काम. पेशीत सेरामाइड नावाचं स्निग्ध द्रव्य साचलं की पेशी स्वतःला संपवायच्या मार्गाला लागते. ॲडिपोनेक्टिन त्याच्या रिसेप्टरला लागलं की सेरामाइड मोडणारं विकर कामाला लागतं आणि त्याच स्निग्धापासून पेशी तगवणारा रेणू तयार होतो. २०११ साली यासाठी असे उंदीर वापरले की ज्यांच्या बीटा पेशींत मरणाची कळ बसवलेली होती, औषध दिलं की कळ दाबली जाते. ॲडिपोनेक्टिन नसलेल्या उंदरांच्या बीटा पेशी झपाट्यानं गेल्या. जास्त ॲडिपोनेक्टिन असलेल्यांच्या बऱ्याच वाचल्या.

आणि २००७ सालचा तो ओबी उंदीर. लेप्टिन नाही, पण ॲडिपोनेक्टिन थोडं वाढवलेलं. तो साध्या ओबी उंदराहूनही कितीतरी लठ्ठ झाला, इतका की फोटोत पाय दिसेनात. आणि त्याची साखर नॉर्मल! चरबी यकृतात न साचता कातडीखाली गेली होती. किती चरबी आहे यापेक्षा ती कुठे आहे आणि काय बोलते आहे, हे त्या एका उंदरानं दाखवून दिलं.

स्टेथो

कॅप्सूलबद्दल मी सांगतो. ॲडिपोनेक्टिन हे प्रथिन आहे. तोंडानं घेतलं तर पोटात पचून त्याचे तुकडे होणार, जसं इन्सुलिन तोंडानं घेता येत नाही तसंच. त्याच्या रिसेप्टरला लागणारा ॲडिपोरॉन नावाचा लहान रेणू २०१३ साली उंदरांत चालला, पण ते दुकानातलं औषध नाही. ॲडिपोनेक्टिन खात्रीनं वाढतं ते बऱ्यापैकी वजन उतरल्यावर, आणि पायोग्लिटाझोन या औषधानं. त्या औषधाचे सूज, हाडं ठिसूळ होणं असे तोटे आहेत, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच. कॅप्सूल बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांना तसं सांगा.

मुक्ता७

आईबद्दल पुढचं विचारते. सुरुवातीला इन्सुलिन दुप्पट होतं म्हटलं ना, आता बारा वर्षांनी गोळ्या पुरत नाहीत. सी-पेप्टाइड तपासलं, कमी आलं. तिला वाटतं की तिनं काहीतरी चुकीचं केलं म्हणून स्वादुपिंड संपलं. हे चरबीमुळेच झालं का?

स्टेथो

मुक्ता, आधी सी-पेप्टाइडचा अर्थ. बीटा पेशी प्रोइन्सुलिन बनवते आणि ते कापून एक रेणू इन्सुलिन व एक रेणू सी-पेप्टाइड अशी जोडी बाहेर सोडते. इन्सुलिनचा जवळजवळ अर्धा भाग यकृत पहिल्याच फेरीत उचलून घेतं, सी-पेप्टाइडला हात लावत नाही. शिवाय बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणून स्वतःचं स्वादुपिंड किती सोडतंय हे त्यावरून कळतं. आईचं कमी आलं म्हणजे स्रवण घटलंय.

आणि आईला माझा निरोप द्या, तिनं काही चुकीचं केलेलं नाही. तेवढीच चरबी असलेल्या अनेकांना मधुमेह होतच नाही, कारण त्यांच्या बीटा पेशी जन्मतःच जास्त सोसतात. ही देणगी जनुकांची आहे.

सोनसळी

चरबीच्या वाट्याबद्दल मी बोलते, कारण इथे ॲडिप्सिन येतं आणि ते माझं सगळ्यात आवडतं.

मेदपेशीतून स्रवणारं सापडलेलं हे पहिलं प्रथिन, १९८७ सालचं, लेप्टिनच्याही आधीचं. लठ्ठ उंदरांत ते घटलेलं असतं, एवढंच कळलं होतं. पुढे लक्षात आलं की हे प्रतिकारशक्तीतल्या पूरक प्रथिनांच्या साखळीतला 'फॅक्टर डी' आहे. चरबीला जंतूंशी लढायच्या साखळीत काय काम? उत्तर मिळायला २०१४ साल आलं. ॲडिप्सिन असलं की त्या साखळीतून सी३ए नावाचा तुकडा तयार होतो. त्याचा रिसेप्टर बीटा पेशीवर असतो. तो लागला की पेशीत एटीपी आणि कॅल्शियम वाढतं आणि साखर आल्यावर इन्सुलिन जास्त सुटतं. म्हणजे लेप्टिन 'पुरे' म्हणतं आणि ॲडिप्सिन 'दे' म्हणतं, दोन्ही एकाच चरबीतून. ॲडिप्सिन नसलेल्या उंदरांना स्निग्ध आहार दिला तर त्यांचं इन्सुलिन कमी पडतं. डीबी उंदरांना ॲडिप्सिन पुरवलं तर इन्सुलिन वाढून साखर उतरते. आणि ज्या मधुमेही माणसांच्या बीटा पेशी थकल्या आहेत त्यांच्या रक्तात ॲडिप्सिन कमी आढळलं. तुझ्या आईसारख्यांच्या.

चरबीतून रक्तात सुटणारी मुक्त स्निग्धाम्लं संप्रेरक नव्हेत, पण ती सोडून हे चित्र पुरं होत नाही. उपाशी उंदराच्या रक्तातली स्निग्धाम्लं औषधानं काढून टाकली तर साखर देऊनही इन्सुलिन नीट सुटत नाही, इतकी ती बीटा पेशीला लागतात. जीपीआर४० हा त्यांचा रिसेप्टर. पण बेटं दोन दिवस पामिटेट या स्निग्धाम्लात भिजत ठेवली की उलट स्रवण खालावतं, आणि त्यात साखरही जास्त असेल तर पेशी मरायला लागतात. याला लायपोटॉक्सिसिटी म्हणतात. जीपीआर४० चेतवणारं फॅसिग्लिफॅम औषध साखर छान उतरवत होतं, पण यकृताला इजा होते असं दिसल्यावर २०१३ साली ते थांबवावं लागलं.

ध्रुवतारा

धागा आवडला. मी याच क्षेत्रात आहे, म्हणून एक दुरुस्ती हक्कानं करतो, सोनसळी रागावणार नाही याची खात्री आहे.

पहिल्या पोस्टमध्ये लेप्टिन बीटा पेशीशी थेट बोलतं असा सूर आहे. बशीतल्या बेटांबाबत ते खरं. पण जिवंत प्राण्यात थेट बोलणं कितपत चालतं यावर बरीच वर्षं वाद आहे. फक्त बीटा पेशीतून लेप्टिनचा रिसेप्टर काढायचा तर इन्सुलिनच्या जनुकाच्या आधारानं चालणारी जनुकीय कात्री वापरतात. सुरुवातीच्या प्रयोगांतली ती कात्री मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्येही चालत होती! त्यामुळे दिसलेला फरक बीटा पेशीचा की मेंदूचा, हे सांगता येईना. नंतर जास्त नेमकी कात्री वापरली तेव्हा साखरेवरचा परिणाम अगदी मर्यादित निघाला.

याउलट थेट मेंदूत अगदी थोडं लेप्टिन दिलं तरी रक्तातलं इन्सुलिन उतरतं. रस्ता असा, की हायपोथॅलॅमसमधून सिंपथेटिक मज्जातंतू स्वादुपिंडात येतात, त्यांच्या टोकाशी नॉरॲड्रिनॅलिन सुटतं आणि ते बीटा पेशीच्या अल्फा-२ रिसेप्टरला लागून स्रवण दाबतं. बशीतल्या बेटाचे मज्जातंतू तुटलेले असतात, त्यामुळे हा रस्ता तिथे दिसूच शकत नाही.

मुक्ता, तुझ्यासाठीही थोडं. सी-पेप्टाइड कमी म्हणजे सगळ्या पेशी मेल्या असं नाही. काही पेशी जिवंत असतात पण आपली ओळख विसरून इन्सुलिन बनवणं सोडतात, हे २०१२ साली उंदरांत दाखवलं गेलं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत टाइप २ मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षं न झालेल्यांना कमी उष्मांकाच्या आहारानं वजन उतरवायला लावलं. वर्षभरानंतर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. दोन वर्षांनी ३६ टक्के. ज्यांना जमलं त्यांच्यात साखर दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत सुटणारा इन्सुलिनचा लोट परत आला. बारा वर्षांनंतर तेवढी आशा धरता येत नाही, हे खरं सांगायला हवं. पण इन्सुलिन सुरू करणं म्हणजे हरणं नाही, उरलेल्या पेशींवरचा भार त्यानं हलका होतो.

मुक्ता७

आईला सगळं वाचून दाखवलं. 'चूक तुझी नाही' या ओळीशी तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. उद्यापासून इन्सुलिन घ्यायला तयार आहे म्हणाली. सगळ्यांचे आभार.

सोनसळी

मुक्ता, आईंना माझा नमस्कार सांग.

@ध्रुवतारा, रागावायचं कशाला? मी दोन वर्षं बशीत वाकून बघितलं, म्हणून मला बशीतलंच आधी दिसतं. पहिल्या पोस्टमधलं ते वाक्य बदलते आहे, आणि मेंदूचा रस्ता तुमच्या नावानिशी तिथे जोडते.

@वाटसरू, तुमची शंका राहूनच गेली होती. सुरुवातीला खूप चुकायचं. लिंफच्या गाठींचे दाणे तसेच दिसतात. खात्री करायची तर डायथायझोन नावाचा रंग टाकायचा. बीटा पेशीतल्या कणांत इन्सुलिन झिंकला धरून बसलेलं असतं, आणि डायथायझोन झिंकला लागून लाल होतो. दोन-तीन मिनिटांत करड्या बशीत बेटं डाळिंबाच्या दाण्यांसारखी उमटतात आणि गाठी करड्याच राहतात. डीबी उंदराची बेटं आकारानं मोठी असायची, पण रंग फिका चढायचा, कारण साठवलेलं बहुतेक इन्सुलिन आधीच सुटून गेलेलं असायचं.